पाव इंचाचा हिशेब : 'सिटी ऑफ बॉम्बे' स्क्वॉड्रनचे स्पिटफायर, १:७२

स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचे हे प्लास्टिकचे मॉडेल, मुळाच्या बहात्तराव्या भागाएवढे, तपासायला घेतले तेव्हा रंगकाम आटोपले होते आणि डिकल (चिकटवायची चित्रे-अक्षरे) चढले होते. चाके, त्यांची झाकणे, प्रॉपेलर आणि कॅनोपीचा (वैमानिकावरच्या पारदर्शक छताचा) सरकता भाग एवढेच बसवायचे राहिले होते. बाजूने पाहिले तर काम देखणे होते, पण थेट डोक्यावरून पाहिले की नजर अडखळत होती. डाव्या पंखावरचे काळे-पांढरे पट्टे उजव्यापेक्षा पावणेदोन मिलिमीटर टोकाकडे सरकले होते. धडावरचे पट्टे पाठीवर सरळ होते, पोटाखाली मात्र नाकाकडे झुकले होते. उजव्या पंखाच्या मुळाशी नखाएवढा पांढरा रंग टेपबरोबर उखडून आला होता आणि आतले करडे प्लास्टिक दिसत होते. भरीला राउंडेलभोवती (विमानदलाच्या गोल खुणेभोवती) डिकलची चंदेरी झाक होती.

या चार दोषांपैकी तीन पट्ट्यांमुळे उघडे पडले. साध्या हिरव्या-करड्या रंगसंगतीत हेच मॉडेल सहज खपून गेले असते. पट्टे म्हणजे मॉडेलवर ठेवलेली फूटपट्टीच. आधीच्या टप्प्यांत जे जे उन्नीस-बीस झाले असेल, ते या फूटपट्टीवर मोजले जाते.

मुळातले विमान स्पिटफायर मार्क ९, काळ जून १९४४, तुकडी रॉयल एअर फोर्सची १३२ क्रमांकाची 'सिटी ऑफ बॉम्बे' स्क्वॉड्रन. युद्धकाळात विमानांसाठी पैसा उभा करणाऱ्या प्रांतांची आणि शहरांची नावे स्क्वॉड्रनना दिली जात. मुंबईचे नाव या तुकडीला मिळाले. ती जुलै १९४१ मध्ये स्कॉटलंडमधल्या पीटरहेड इथे उभी राहिली. विमानांवरची तिची सांकेतिक अक्षरे होती 'एफएफ'. फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर मित्रराष्ट्रांनी केलेल्या आक्रमणावेळी ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फोर्ड तळावर १२५ व्या विंगमध्ये (स्क्वॉड्रनच्या गटात) ४५३ आणि ६०२ स्क्वॉड्रनसोबत होती, आणि जूनअखेर नॉर्मंडीतल्या लाँग इथल्या तात्पुरत्या धावपट्टीवर गेली. १९४५ च्या सुरुवातीला ती सिलोनला पोहोचली. मराठी मॉडेलकाराला या तुकडीचे विमान निवडावेसे वाटले तर नवल नाही, आणि जून १९४४ निवडला की आक्रमणाचे हे काळे-पांढरे पट्टे टळत नाहीत.

कागदावरचा आदेश

१८ एप्रिल १९४४ च्या आदेशाने मित्रराष्ट्रांच्या मुख्यालयाने हे पट्टे ठरवून दिले. समुद्रावरून हजारो विमाने जाणार होती, आणि आपल्याच जहाजांवरच्या तोफांनी ती पाडू नयेत हा उद्देश होता. गुप्तता राखायची म्हणून प्रत्यक्ष रंगकाम अगदी शेवटी, आक्रमणाच्या आदल्या एक-दोन दिवसांत झाले. एकेरी इंजिनाच्या विमानाला प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद आणि क्रम पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. पंखावरचे पट्टे विमानाच्या अक्षाला समांतर, आणि बाहेरची कड राउंडेलच्या ६ इंच आत. धडावरच्या पट्ट्यांची मागची कड आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेपासून १८ इंच पुढे.

हे १:७२ मध्ये आणले की असे होते:

पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच : १५६ मिमी
एक पट्टा १८ इंच : ६.३५ मिमी
पाच पट्टे मिळून ९० इंच : ३१.७५ मिमी
राउंडेलपासून अंतर ६ इंच : २.१ मिमी
शेपटीपासून अंतर १८ इंच : ६.३५ मिमी
धडावरचे राउंडेल ३६ इंच : १२.७ मिमी
पंखाखालचे राउंडेल ३२ इंच : ११.३ मिमी
सांकेतिक अक्षरांची उंची २४ इंच : ८.५ मिमी

अठरा भागिले बहात्तर म्हणजे बरोबर पाव इंच. या प्रकरणाची किल्ली याच आकड्यात आहे.

शेपटीपुढची १८ इंचांची मोकळी जागा रिकामी नसते. फायटर कमांडच्या दिवसा उडणाऱ्या विमानांवर 'स्काय' रंगाचा १८ इंची पट्टा आधीपासून तिथेच असे. म्हणून धडावर पुढून मागे पाच पट्टे, त्यांना लागून फिकट हिरवट स्काय, मग शेपटी असा क्रम दिसतो. तपासलेल्या मॉडेलवर स्कायचा पट्टा योग्य जागी होता. पुढचा पांढरा पट्टा राउंडेलच्या जवळ जातो आणि मागचे अक्षर पट्ट्यांतच सापडते. रंगाऱ्यांनी अक्षराभोवती ब्रश फिरवून ते शिल्लक ठेवल्याचे, आणि अनुक्रमांक मात्र अर्धामुर्धा झाकला गेल्याचे अनेक फोटोंत दिसते. एका विशिष्ट विमानाचा फोटो समोर असेल तरच अनुक्रमांक घालावा. अंदाजाने घातलेला आकडा अख्ख्या मॉडेलवरचा विश्वास घालवतो.

पट्टे का सरकले

बाजारात मिळणारी मास्किंग टेप ६, १० आणि १८ मिलिमीटर रुंदीची असते. त्याहून बारीक टेप १, २, ३ आणि ५ मिलिमीटरची. या मॉडेलवर ६ मिमीची टेप जशीच्या तशी, शेजारी-शेजारी पाच वेळा लावलेली होती. एका पट्ट्यामागे ०.३५ मिमी म्हणजे काहीच नाही असे वाटते. पाच पट्ट्यांत ते १.७५ मिमी होते.

एवढ्यावरही दोन्ही पंख निदान सारखे चुकायला हवे होते. तसे झाले नाही, कारण डाव्या पंखावर मोजणी राउंडेलकडून आत केली होती आणि उजव्यावर मुळाकडून बाहेर. डावीकडे आतल्या कडेला जागा उरली, उजवीकडे बाहेरच्या. मुळाजवळ बसायला हवी ती डाव्या पंखावरची पांढरी कड फिलेटपासून (पंख आणि धड जोडणाऱ्या वळणदार उतारापासून) दूर राहिली, आणि उजवीकडे राउंडेलपासूनचे २.१ मिमीचे अंतर जवळपास दुप्पट झाले. टेप लावताना प्रत्येक पंख वेगवेगळा पाहिला जातो, दोन्ही एकत्र कधीच नाही. म्हणून ही चूक शेवटच्या टेपपर्यंत लपून राहते.

स्पिटफायरचा पंख या कामात काहीच मदत करत नाही. तो लंबवर्तुळी, म्हणजे पुढची आणि मागची कड दोन्ही वळणदार. काटकोन धरायला सरळ रेघ सापडत नाही. टोकापासून मोजावे तर टोकाचा सांधा घासताना अर्धा मिलिमीटर आधीच गेलेला असतो. खात्रीचे आधार दोनच: धडाची मध्यरेषा आणि तोफेची नळी. २० मिमी हिस्पॅनो तोफेची नळी अक्षाला समांतर असते, त्यामुळे नळी बसवण्याआधी तिच्या भोकात सरळ ताणलेला स्प्रू (सुट्या भागांच्या चौकटीची प्लास्टिकची काडी) खोचला की दिशा मिळते. त्यासाठी तोफ कुठल्या भोकात जाते हे आधी पक्के हवे. जून १९४४ च्या या विमानाला 'सी' पंख, म्हणजे तोफ आतल्या जागेत आणि शेजारच्या बाहेरच्या भोकाला आखूड बूच. 'ई' पंखात तोफ बाहेर जाते आणि आत अर्ध्या इंचाची मशीनगन येते. किटमध्ये बहुधा दोन्हींचे भाग असतात आणि घाईत अदलाबदल होते.

धडावरचा तिरपेपणा निराळ्या कारणाने आला. स्पिटफायरचे मागचे धड शंकूसारखे निमुळते होत जाते. शंकूला सरळ टेप गुंडाळली की ती वर्तुळात फिरत नाही, रुंद बाजूकडे सरकते. पाठीच्या मध्यावरून दोन्ही बाजूंना टेप उतरवली तर दोन्ही टोके पोटाशी भेटतात खरी, पण दोन मिलिमीटरच्या आसपास नाकाकडे सरकून. टेप सरळ लावली होती हे कारागिराचे म्हणणे खरेच होते. अडचण टेप सरळ असण्याचीच होती. इथे कड आखायला १ किंवा २ मिमीची टेप हवी. ती वळते, ताणते, आणि पोटाखाली हव्या त्या जागी आणता येते. रुंद टेप नंतर आतली जागा भरायला वापरावी.

रंग का उखडला

उखडलेल्या जागेच्या आत प्रायमर नव्हता. ॲक्रिलिक रंग थेट प्लास्टिकवर मारला होता, आणि तोही पंख-धडाच्या सांध्यावर, जिथे पुट्टी घासताना बोटांचा घाम-तेल सर्वांत जास्त लागते. मास्किंग टेपला यापेक्षा सोपे सावज मिळत नाही. शिवाय टेप वर, काटकोनात ओढली होती. टेप नेहमी स्वतःवर दुमडून, पृष्ठभागाला लागून मागे ओढावी. रंग पूर्ण कडक होण्याआधी काढली तर कड स्वच्छ सुटते, पण नवी टेप चढवायची असेल तर खालचा थर किमान २४ तास वाळलेला हवा. दोन्ही नियम एकमेकांविरुद्ध वाटतात. फरक इतकाच की पहिला काढण्याच्या टेपला लागू आहे, दुसरा लावण्याच्या.

या जागी पुट्टी इतकी का लागली, हा खरा प्रश्न. पंख आणि धड मिळतात तिथे दोन्ही बाजूंना फट होती, सुमारे ०.३ मिमी. ती पुट्टीने भरली आणि घासताना फिलेटचा वळणदार उतार सपाट झाला. मूळ दोष त्याहून मागचा. धडाचे दोन अर्धे चिकटवताना ते किंचित दाबले गेले, धड अरुंद झाले, म्हणून फट पडली. कॉकपिटच्या मागे धडाच्या आत आडवा स्प्रूचा तुकडा ताण देऊन बसवला असता तर धड फुगून फट मिटली असती. पुट्टी हा शेवटचा उपाय. त्याआधी ०.२५ मिमीची प्लास्टिकची पट्टी फटीत सरकवून पातळ सिमेंटने (प्लास्टिक जोडायच्या द्रावणाने) वितळवावी. ती प्लास्टिकसारखीच घासली जाते, आकसत नाही आणि रंगाखाली रेघ सोडत नाही.

याच सांध्यात डायहेड्रलही (पंखांचा वर जाणारा कल) बिघडू शकतो. स्पिटफायरचे पंख टोकांकडे सुमारे ६ अंश वर जातात. मुळापासून टोकापर्यंत ६५ मिमी धरले तर टोक जवळपास ७ मिमी वर यायला हवे, आणि एका अंशाची चूक टोकाशी १.१ मिमी दाखवते. तपासलेल्या मॉडेलचा उजवा पंख अर्धा अंश खाली होता. पुठ्ठ्याचा ६ अंशांचा साचा कापून, सिमेंट सुकेपर्यंत पंख त्यावर टेकवून ठेवणे हे दहा मिनिटांचे काम आहे. नंतर दुरुस्ती करायची तर सांधा कापावा लागतो. इथे तो कापला नाही. अर्ध्या अंशासाठी रंगवलेला सांधा मोडणे शहाणपणाचे नव्हते.

दुरुस्ती

सगळा रंग काढण्याचा मोह टाळला. शेपटी, नाक आणि पंखांची टोके चांगली होती. धडाच्या पट्ट्यांचा भाग आणि दोन्ही पंखांचा मुळापासून राउंडेलपर्यंतचा भाग, वर-खाली, एवढाच उघडा ठेवून बाकी झाकले.

उघड्या भागातला ॲक्रिलिक रंग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने उतरवला. ते केमिस्टकडे मिळते. घासू नये, अर्धा मिनिट भिजू द्यावे आणि पुसावे. मग १००० आणि १५०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, जुन्या-नव्या रंगाची पायरी उतरती केली. फिलेटचा उतार पेन्सिलीला गुंडाळलेल्या पेपरने पुन्हा गोल केला. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, त्यानंतर हातमोजे.

प्रायमर लॅकरचा, पांढरा, एक भाग प्रायमरला दोन भाग थिनर. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात हा टप्पा दगा देतो. हवेतली वाफ ओल्या लॅकरवर बसते आणि पृष्ठभाग दुधाळ, खडबडीत होतो. सावकाश उडणारे थिनर वापरले, भिंती कोरड्या असलेल्या खोलीत दुपारी काम केले, तर बरेच टळते. धो-धो पावसात लॅकर उघडूच नये.

पांढऱ्यासाठी तामिया कंपनीचा एक्सएफ-२ रंग, थिनर निम्मे, एअरब्रशचा दाब १५ पीएसआय, चार पातळ हात, प्रत्येकात दहा मिनिटे. आधीच्या वेळी पांढरा रंग गडद हिरव्यावर मारला होता. झाकायला सहा-सात हात लागले आणि कडेला बोटाला जाणवेल अशी भिंत उभी राहिली. नव्याने मॉडेल करणाऱ्याने पांढरे सर्वांत आधी, थेट प्रायमरवर मारावे, पट्टे टेपने झाकावेत आणि मग कॅमोफ्लाज करावे. विमानावर क्रम उलटा होता, पण मॉडेलवर हाच क्रम सोयीचा. 'आधी कळस मग पाया' हे इथे अपवाद म्हणून चालते.

मोजणीसाठी प्लास्टिकच्या पत्र्यातून ६.३५ मिमी आणि ३१.७५ मिमी रुंदीचे दोन गेज कापले, कॅलिपरने तपासून. धडाची मध्यरेषा पाठीवर दोऱ्याने धरली आणि तिथून दोन्ही पंखांवर समान अंतरावर आतल्या पांढऱ्या पट्ट्याची कड आखली. दोन्ही पंखांवर मोजणी आतून बाहेर. खुणा पुढच्या आणि मागच्या कडेवर पेन्सिलीने उतरवून खालच्या बाजूला नेल्या, कारण वरची आणि खालची रेघ कडेवर भेटली पाहिजे. तीन पांढऱ्या पट्ट्यांसाठी १० मिमीची टेप काचेवर चिकटवून, स्टीलच्या पट्टीने ६.३५ मिमीवर कापली. मधल्या दोन फटी गेज ठेवून तपासल्या.

काळा मारण्याआधी टेपच्या कडांवर पांढऱ्याचाच एक धुक्यासारखा हात दिला. जे काही टेपखाली शिरायचे ते पांढरे शिरते आणि वाट बंद होते. मग काळा शिरत नाही. काळा म्हणून निव्वळ काळा नको. एक्सएफ-६९ किंवा एक्सएफ-८५ सारखा गडद करडा या मापात योग्य दिसतो, आणि रेघांचा तपशील त्यात बुडत नाही.

स्पिटफायरच्या पंखाखाली या पट्ट्यांच्या वाटेत दोन मोठे रेडिएटर आणि चाकांच्या खाचा येतात. चाकांची झाकणे खाचेत फेविकॉलच्या थेंबाने बंद करून त्यांच्यावरूनच पट्टे मारले, नंतर उचकटून उघडी लावली. झाकण वेगळे रंगवले तर रेघ कधीच जुळत नाही. रेडिएटरच्या उभ्या भिंतींवर टेपचे लहान तुकडे लावावे लागतात. किटमध्ये पट्ट्यांचे डिकल असले तरी ते वापरू नयेत असे आमचे मत आहे, आणि ते या रेडिएटरमुळेच. सपाट पंखावर डिकल छान बसते. रेडिएटरच्या कोपऱ्यात आणि फिलेटवर ते सुरकुतते, फाटते, आणि पांढऱ्याखालून आतला रंग डोकावतो.

पट्टे किती सफाईचे असावेत यावर मॉडेलकारांत वाद असतो. मूळ पट्टे घाईत, ब्रशने मारले होते, कडा वेड्यावाकड्या होत्या हे खरे. पण दोन इंचांचा वाकडेपणा या मापात ०.७ मिमी होतो, म्हणजे डोळ्याला खुपण्याइतका. इथे जागा आणि रुंदी काटेकोर ठेवली आणि कडा दोन-तीन ठिकाणी बारीक ब्रशने किंचित सैल केल्या, विशेषतः सांकेतिक अक्षराभोवती. टेपखालून झिरपलेला रंग हा 'अस्सलपणा' नव्हे. तो कोळ्याच्या पायासारखा दिसतो, ब्रशच्या फटकाऱ्यासारखा नाही.

पट्टे किती दिवसांचे दाखवायचे हेही ठरवावे लागते. आक्रमणानंतर महिनाभराने पंखांच्या आणि धडाच्या वरच्या बाजूचे पट्टे काढायचा आदेश आला, कारण नॉर्मंडीतल्या उघड्या धावपट्ट्यांवर उभी विमाने वरून ठळक दिसू लागली होती. १९४४ अखेर पट्टे पूर्ण गेले. म्हणून लाँग धावपट्टीवरचे ऑगस्टमधले विमान दाखवायचे तर पट्टे फक्त खाली. जूनअखेरचे असेल तर पूर्ण, पण मळलेले. पांढऱ्यावर धुळीचा पिवळट करडा हात अगदी पातळ द्यावा, नाहीतर पट्टे नव्या कोऱ्या झेब्रासारखे दिसतात.

डिकल आणि उरलेले

चंदेरी झाकेचे कारण नेहमीचेच. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, डिकलखाली हवा अडकते आणि चमकते. डिकलआधी एक्स-२२ सारख्या चकचकीत पारदर्शक थराचे दोन हात हवे होते, ते राहिले होते. उपाय म्हणून झाक दिसणाऱ्या जागी बारीक सुईने टोचून मायक्रो सोल (डिकल मऊ करणारे द्रावण) सोडले, दहा मिनिटांनी पुन्हा. तीन फेऱ्यांत पंखांवरची राउंडेल सुधारली. धडाच्या डाव्या बाजूचे राउंडेल सुधारले नाही. ते चिकटपट्टीने काढून नवे लावावे लागले. सगळे सुकल्यावर मॅट थर.

कॅनोपीचा पुढचा भाग फेविक्विकने चिकटवला होता आणि आतून धुरकट झाला होता. दमट हवेत ही वाफ जास्तच बसते. तो सुटा करून आतून पॉलिश केला आणि फेविकॉलने बसवला. प्रॉपेलरची चारही पाती काळी, टोके पिवळी, ४ इंच म्हणजे १.४ मिमी, स्पिनर स्काय रंगाचा. पाती बसवताना मर्लिन इंजिन कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, हे लक्षात ठेवून पात्याचा पीळ तपासला. एक पाते उलटे निघाले.

पाठीवरच्या अँटेनाच्या खांबापासून शेपटीपर्यंत बारीक तार ओढलेली होती. मार्क ९ मध्ये व्हीएचएफ रेडिओ असल्याने खांब असतो, तार नसते. ती कापून टाकली.